मुक्या थपडेची वंशावळ

लाकडाच्या दोन पातळ फळ्या घ्याव्यात, हातभर लांबीच्या. मुठीपाशी त्या घट्ट बांधाव्यात आणि पुढे दोघींमध्ये थोडी फट ठेवावी. ही जोडपट्टी कुणाच्या पाठीत घातली की फळ्या एकमेकींवर आपटतात आणि असा फटाका होतो की शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटावं, बिचाऱ्याची पाठ सोलवटली. खरं तर मार लागतो टपलीइतकाच. सोळाव्या शतकात इटलीत गावोगाव खेळ करत फिरणाऱ्या नाटकमंडळ्यांत आर्लेकिनो नावाचा एक नोकर असे. बेर्गामोकडचा, खादाड, पण अंगाने वेतासारखा लवचीक. ही काठी त्याच्या कमरेला खोचलेली असायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या रंगमंचावर तिला ‘स्लॅपस्टिक’ म्हणू लागले. पुढे काठी अडगळीत गेली आणि तिचं नाव मात्र पडण्या-आपटण्याच्या, लाथा-बुक्क्यांच्या सगळ्या विनोदाला चिकटलं.

आपल्या संस्कृत नाटकातल्या विदूषकाच्या हातीही वाकडी काठी असते, पण तिचा या काठीशी काही संबंध नाही. उगाच सोयरीक जुळवायला नको.

मला कोडं पडलं होतं ते निराळं. ज्या विनोदाचं नावच एका आवाजावरून पडलं, तो ऐन भरात आला तो आवाज नसलेल्या पडद्यावर. १९१२ ते १९२८ या पंधरा-सोळा वर्षांत निघालेले एका-दोन रिळांचे ते छोटे पट आजही लोक आवडीने बघतात. चार वर्षांचं पोर बघतं आणि त्याचे आजोबाही बघतात, आणि दोघं एकाच क्षणी हसतात. मुका विनोद इतका धडधाकट कसा निघाला? मागे जात राहिलं की उत्तर सापडतं. कॅमेऱ्यापुढे उभा राहण्याच्या दोनशे वर्षं आधीच या विनोदाची वाचा गेली होती आणि ती कायद्याने काढून घेतली होती.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं पॅरिस घ्या. फ्रेंचमध्ये नाटक बोलून दाखवायचा हक्क कॉमेडी-फ्रान्सेज या राजमान्य मंडळीचा. जत्रांतून खेळ करणाऱ्यांनी संवाद म्हटले की कोर्टकचेरी ठरलेली. मग जत्रेतल्या नटांनी पळवाटा काढल्या. संवाद नको तर स्वगत म्हणू. एकाने बोलून आत जायचं, मग दुसऱ्याने बाहेर येऊन बोलायचं. तेही बंद पाडलं गेलं तेव्हा नट गप्प झाले आणि खिशातून कागदाच्या सुरळ्या काढून प्रेक्षकांपुढे धरू लागले. सुरळीवर पद लिहिलेलं, चाल सगळ्यांच्या ओळखीची. वादक सूर धरत आणि पद प्रेक्षकच म्हणत. रंगमंचावरची माणसं मुकी आणि समोरचा मांडव गातोय, असा तो उलटा मामला. पुढे या पाट्या वरून सोडायची सोय झाली. मूकपटात मध्येच झळकणाऱ्या अक्षरांच्या पाटीची ही खापरपणजी म्हणायला हरकत नाही. आणि त्या ओळखीच्या चालीवरच्या गाण्यांना म्हणत ‘वोदव्हील’. पुढे अमेरिकेत नकला, कसरती, गाणी यांच्या सरमिसळ खेळांना हेच नाव मिळालं. बस्टर कीटन वाढला तो त्याच खेळांत.

लंडनची तऱ्हा वेगळी नव्हती. तिथे १७३७ च्या कायद्याने गद्य नाटकाची मक्तेदारी दोन थिएटरांकडे गेली, ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन. बाकीच्यांनी गाणं, नाच, कसरत, मूकाभिनय यांवर पोट भरायचं. त्याच्या थोडं आधीच जॉन रिच नावाच्या नट-व्यवस्थापकाने आर्लेकिनोला इंग्रजी मुलखात आणून हार्लेक्विन केलं होतं आणि त्याला एक शब्दही बोलायला दिला नव्हता. रिचच्या हातात ती काठी जादूची कांडी झाली. त्याने नेपथ्याच्या पडद्यावर फटका मारायचा अन् आतल्या माणसांनी त्या इशाऱ्यावर दृश्य पालटायचं. काठीच्या आवाजाला असं कामही मिळालं.

पुढच्या शतकात जोसेफ ग्रिमाल्डी आला आणि खेळाची सूत्रं हार्लेक्विनकडून विदूषकाकडे गेली. मारणाऱ्यापेक्षा मार खाणारा मोठा झाला, ही या वंशावळीतली सगळ्यात महत्त्वाची घटना असं मला वाटतं. ग्रिमाल्डी सॉसेजची माळ चोरायचा, तापलेली सळई दुसऱ्याला टोचायचा, फळकुटांतून आरपार उड्या मारायचा. शरीराची इतकी वाट लागली की पंचेचाळिशीतच त्याला रंगमंच सोडावा लागला. तो १८३७ साली वारला. लंडनमध्ये आजही दर फेब्रुवारीत विदूषक आपापल्या वेषात, नाकं रंगवून चर्चमध्ये जमतात आणि त्याच्या नावाने प्रार्थना करतात. ग्रिमाल्डीच्याच सुमाराला पॅरिसच्या फ्युनाम्ब्यूल थिएटरात देब्युरो पांढऱ्याफटक चेहऱ्याचा मूक पिएरो रंगवत होता. त्या थिएटरालाही बोलायचा परवाना नव्हता.

१८४३ मध्ये लंडनमधली मक्तेदारी मोडली, पण सगळ्यांची जीभ सुटली नाही. म्युझिक हॉल, म्हणजे जिथे पिणं, खाणं आणि गाणं एकत्र चालायचं त्या जागा, नाटकाच्या परवान्याबाहेर राहिल्या. तिथे संवादांचं नाटुकलं केलं की नाटकवाले तक्रारीला हजर. १८९० च्या दशकात फ्रेड कार्नो या कसरतपटूने यावर जुनाच उपाय केला, बोलायचंच नाही. त्याच्या मंडळीतली पोरं शिडीवरून पडत, एकमेकांना अडखळवत आणि हे सगळं घड्याळाच्या काट्यासारखं बिनचूक करत. १९०४ पासून चाललेल्या ‘ममिंग बर्ड्स’ या त्याच्या गाजलेल्या प्रहसनात रंगमंचावरच आणखी एक थिएटर उभं केलेलं असे आणि बॉक्समध्ये बसलेला एक दारूडा बाबूसाहेब समोरच्या खेळाचा विचका करी. १९०८ मध्ये अठरा वर्षांचा एक पोरगा मंडळीत आला आणि पुढे ही भूमिका त्याच्याकडे गेली. तो चार्ली चॅप्लिन. बदली नट म्हणून त्याच्या जागी उभा राहायची तयारी ठेवणारा दुसरा पोरगा म्हणजे पुढचा स्टॅन लॉरेल. अमेरिकेच्या दौऱ्यावर दोघं एकाच बोटीने गेले.

ही झाली आजोळची बाजू. आता यंत्राची.

१८९५ साली लुमिएर बंधूंनी बागेत पाणी घालणाऱ्या माळ्याचा पट काढला. मिनिटभराचाही नाही. एक पोरगा पाठीमागून नळीवर पाय देतो, पाणी थांबतं, माळी नळीच्या तोंडात डोकावतो, पोरगा पाय काढतो. कल्पना नवी नव्हती, चित्रकथांतून ती आधीच छापून आली होती. मला या पटात आवडते ती त्यापुढची गोष्ट. पोरगा पळतो आणि चौकटीच्या कडेला पोचतो. कॅमेरा तर जागचा हलत नाही. तेव्हा माळी त्याला धरून पुन्हा चौकटीत खेचून आणतो आणि आपल्या डोळ्यांदेखत त्याच्या ढुंगणावर फटके देतो. जगातल्या पहिल्यावहिल्या विनोदी पटाचा शेवट थपडेने होतो आणि तिचा आवाज येत नाही. आर्लेकिनोची काठी अशी पडद्यावर आली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅन्सस राज्यातल्या पिक्वा नावाच्या खेड्यात, आई-बापाचा खेळ मुक्कामाला असताना, कीटन जन्मला. सिनेमा आणि तो एकाच वयाचे. ‘थ्री कीटन्स’ या घरच्या खेळात बाप पोराला उचलून नेपथ्यावर, पडद्यावर, वादकांच्या खड्ड्यात फेकायचा. सोयीसाठी कोटाच्या पाठीला सुटकेसची मूठ शिवलेली. न्यूयॉर्कची बालसंरक्षण संस्था मागे लागली, पोराच्या अंगावर वळ शोधले गेले, पण एकही सापडला नाही. पडावं कसं हे त्याला चालायच्या बरोबरीने शिकवलेलं होतं. आणखी एक गोष्ट तो तिथे शिकला. पडल्यावर आपण हसलो तर लोक हसत नाहीत. त्याचा तो जन्मभराचा निर्विकार चेहरा इथला.

लुमिएरांची चित्रं ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवली गेली हे आपल्याला पाठ असतं. दुसरी एक नोंद तितकी लक्षात राहत नाही. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा जाहिरातीत त्याच्या जोडीला एका मडमेचा नाच, एक विनोदी प्रवेश, पायांनी वस्तू झेलणारा कसरतपटू आणि ‘टिप-टॉप कॉमिक्स’ म्हणजे छोटे विनोदी पट, असा भरगच्च कार्यक्रम होता. सत्यवचनी राजाचा वनवास आणि परदेशी बहाद्दरांची धडपड एकाच तिकिटात! फाळक्यांना या जोडीचं मोल कळलं असणार, कारण पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’बरोबर त्यांनी स्वतःचाच ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदी पट दिला. जगभर हा विनोद असाच वाढला, मुख्य जेवणाआधीच्या भज्यांसारखा. त्याच्याकडे कुणी गंभीरपणे बघत नव्हतं आणि हेच त्याच्या पथ्यावर पडलं.

भजी तळायचा पहिला मोठा कारखाना फ्रान्समध्ये होता. पाथे कंपनीचा आंद्रे देद आदळआपट करायचा, तर माक्स लिंदर रेशमी टोपी आणि काठी घेऊन ऐटीत फजित व्हायचा. चॅप्लिनने त्याला उघडपणे गुरू मानलं आहे. कुत्र्याच्या मागे धावणाऱ्या पोलिसांची झुंडही पाथेनेच १९०७ मध्ये दाखवली होती. अमेरिकेत मॅक सेनेटने ती सरळ उचलली आणि नंतर तशी कबुलीही दिली. सेनेट आधी दिग्दर्शक ग्रिफिथच्या हाताखाली होता. ग्रिफिथ नायिकेला वाचवायला निघालेला घोडेस्वार आणि संकटातली नायिका आलटून पालटून दाखवून प्रेक्षकाचा श्वास अडकवायचा. सेनेटने तेच तंत्र घेतलं आणि घोडेस्वाराच्या जागी एकाच मोटारीत कोंबलेले डझनभर पोलीस बसवले. १९१२ मध्ये त्याने कीस्टोन कंपनी काढली, लॉस एंजेलिसजवळच्या एडेनडेल भागात.

इथे एक स्पष्ट सांगायला हवं. कीस्टोनचे बहुतेक पट आज बघवत नाहीत. कोण कुणाला का बदडतंय ते कळत नाही, काळा रंग फासून केलेल्या नकला तर चीड आणतात. आठवड्याला ठरलेली रिळं बाजारात धाडायची तर दुसरं काय होणार? मेबल नॉर्मंडचं चापल्य आणि जाडजूड आरबकलचं आश्चर्यकारक हलकं अंग सोडलं तर जुन्या म्हणून गोड मानून घ्याव्यात अशाच त्या गोष्टी. कस्टर्डचा ‘पाय’ हा गोड पदार्थ तोंडावर मारायची प्रथा तिथेच रुळली. मराठीत हे वाक्य लिहिताना पंचाईत होते खरी. आपल्याकडे तोंडावर पाय मारणं हा निराळाच प्रकार आहे. या प्रथेचा कळस १९२७ मध्ये लॉरेल-हार्डीच्या ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’त झाला. त्यात तीन हजार पाय उडाले असं सांगतात. त्या मारामारीचं रीळ कित्येक दशकं अर्धवट तुकड्यांत होतं, ते २०१५ मध्ये एका संग्राहकाला बरंचसं पूर्ण सापडलं. गंमत म्हणजे पूर्ण बघितल्यावर कळतं की ती मारामारी सावकाश चढत जाते. प्रत्येक नवा बळी आधी आपल्या तोंडावरचं क्रीम पुसतो, विचार करतो आणि मगच पुढचा पाय उचलतो.

हा विचार करण्याचा क्षण कीस्टोनमध्ये नव्हता. तो चॅप्लिनने आणला. डिसेंबर १९१३ मध्ये तो आठवड्याला १५० डॉलरवर तिथे रुजू झाला आणि १९१४ या एका वर्षात त्याने तिथे पस्तीस छोटे पट केले. तिथली घाई त्याला मानवत नव्हती. म्हणून १९१५ मध्ये तो दुसरीकडे गेला आणि १९१६ मध्ये म्युच्युअल कंपनीकडे, आठवड्याला १०,००० डॉलरवर. पगार वाढला त्याहून महत्त्वाचं म्हणजे वेळ वाढला. तिथले बारा पट हे माझ्या मते या सगळ्या घराण्याचं ऐश्वर्य आहे.

‘द पॉनशॉप’मध्ये एक गिऱ्हाईक गजराचं घड्याळ गहाण टाकायला येतं. चार्ली घड्याळाला डॉक्टरसारखी नळी लावून ठोके ऐकतो. बोटांनी ठोकून बघतो. मग डबा फोडायच्या ओपनरने त्याचं झाकण कापतो आणि आत काय निघालं म्हणून वास घेतो. चिमट्याने दात काढावेत तसे भाग उपसतो. आतली स्प्रिंग कापडासारखी हातावर मोजतो. टेबलावर वळवळणाऱ्या तुकड्यांवर तेल सोडतो, तुकडे गप्प होतात. मग सगळा चुरा गिऱ्हाइकाच्या टोपीत भरून मान हलवतो, नाही घेता येणार. इथे कुणी पडत नाही, कुणाला थप्पड बसत नाही. मार खाल्ला आहे तो घड्याळाने आणि चार्लीने तो एखाद्या शल्यविशारदाच्या सभ्यपणे दिला आहे. वस्तूला दुसरीच वस्तू समजणं ही लहान मुलांची रीत, आणि तिला भाषा लागत नाही. पेचकस दाखवला तर तो पेचकस, पण तो कानात घातला तर डॉक्टर, हे सोलापूरच्या मुलाला जितकं कळतं तितकंच सिसिलीतल्या मुलाला.

कीटनचा मामला वस्तूंपेक्षा मोठा, तो घरं आणि आगगाड्यांशी खेळतो. त्याचा १९२० चा ‘वन वीक’ मी किती वेळा बघितला असेल याची मोजदाद नाही. नवपरिणीत जोडप्याला लग्नात भेट मिळते खोक्यांत भरलेलं घर, नंबरांनुसार जोडायचं. नायिकेचा नाकारलेला उमेदवार खोक्यांवरचे नंबर बदलतो. मग जे घर उभं राहतं त्याचं दार वरच्या मजल्यावर, बाहेर पाय टाकला की थेट खाली. वादळ येतं आणि घर पाहुण्यांसकट भिंगरीसारखं फिरतं. शेवटी कळतं की घर बांधलंय ते चुकीच्या प्लॉटवर, खरा प्लॉट रुळांपलीकडे. मोटारीला बांधून ते घर ओढतात आणि नेमकं रुळांवर अडकतं. समोरून गाडी येते. दोघं डोळे मिटून घेतात. गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. हुश्श. आपणही सुस्कारा सोडतो आणि तेवढ्यात उलट्या दिशेने दुसरी गाडी येऊन घराचा चुराडा करते. नायक ढिगाऱ्यावर ‘विकणे आहे’ची पाटी ठेवतो, जोडणीचं पत्रक सोबत टाकतो आणि बायकोचा हात धरून निघून जातो.

हे सगळं कॅमेरा दुरून बघतो. माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो, घर दिसतं, गाडीही दिसते. कीटनचा हा आग्रहच होता. दृश्य तुकड्यांत तोडून दाखवलं की लोकांना वाटतं, काहीतरी हातचलाखी आहे. आणि इथे मला त्या जुन्या काठीचा हिशेब लागतो. आर्लेकिनो मोठा आवाज करून लहान मार लपवायचा. पडद्यावर आवाज नाही म्हटल्यावर कीटनने उलटा व्यवहार केला. मार खरा आणि आवाज शून्य. आरबकलबरोबरच्या १९१९ च्या ‘बॅकस्टेज’मध्ये नेपथ्याचा एक हलका तुकडा आरबकलवर पडतो आणि खिडकीच्या भोकातून तो सुखरूप उरतो. हाच विनोद ‘वन वीक’मध्ये थोडा मोठा झाला. आणि १९२८ मध्ये पडद्यावर आलेल्या एका पटासाठी सॅक्रामेंटोच्या नदीकाठी कीटनने तो अख्ख्या घराच्या दर्शनी भिंतीने केला. जवळजवळ दोन टनांची भिंत अंगावर आली, खिडकी त्याच्या डोक्यावरून गेली, दोन्ही खांद्यांशी काही इंचांची जागा. रंगमंचावर वाऱ्याने डुगडुगणाऱ्या कॅनव्हासच्या चौकटीने नऊ वर्षांत हे वय गाठलं.

या पटांबद्दल एक गैरसमज आहे, की ते फटाफट धावतात आणि म्हणून गमतीचे. कॅमेरे हाताने फिरवत आणि सेकंदाला साधारण सोळा-अठरा चौकटी घेत. विनोदी पट मुद्दाम थोडे सावकाश फिरवत, म्हणजे पडद्यावर अंमळ चपळ वाटतील. बोलपटाच्या यंत्रावर तेच २४ च्या वेगाने दाखवल्यावर नटांची लुडबुड झाली. आम्ही शाळेत ताणलेल्या चादरीवर पाहिला तो चार्ली असाच, कीटकासारखा धावणारा. यंत्राच्या घरघरीत मास्तर मध्येच पाटी वाचून दाखवत. पुढे योग्य वेगाने बघायला मिळाला तेव्हा त्याच्या भुवया पहिल्यांदा दिसल्या.

त्या काळी थिएटर शांत कधीच नव्हतं. पेटी नाहीतर पियानो असे, आणि मोठ्या गावात ढोलकीवाल्यासारखा एक वादक असे, ज्याच्यापुढे शिट्ट्या, घंटा, खुळखुळे आणि तीच जोडपट्टी मांडलेली. पडद्यावर लाथ बसली की हा बरोबर तिथे फटाका वाजवी. विनोद पडद्यावरचा, फटका अंधारातल्या माणसाचा.

१९२७ मध्ये बोलपट आला आणि दोनशे वर्षांनी तोंड मोकळं झालं. तेव्हा विनोद अवघडला. आवाज जोडला की वस्तूला वजन येतं. पडणाऱ्या माणसाच्या हाडांचा कडकडाट ऐकू आला तर तुम्ही दवाखान्याचा विचार करता. लॉरेल-हार्डी तगले, कारण आदळआपटीचा मोठा भाग त्यांनी चौकटीबाहेर नेला. आपण नुसता आवाज ऐकतो आणि हार्डीचा चेहरा बघतो. कीटन मोठ्या स्टुडिओच्या नोकरीत गेला आणि तिथे त्याला न विचारता त्याच्यासाठी संवाद लिहिले जाऊ लागले. पुढे थ्री स्टूजेसच्या पटांत डोळ्यांत बोटं घातली की तारेचा टणत्कार, डोकं आपटलं की लाकडाचा खट्ट, असे आवाज मागाहून भरत. काठी परत आली, आता ध्वनिमुद्रणाच्या खोलीत.

आणि ती खरी लाकडाची काठी? ती वाद्यवृंदात स्थिरावली. मॉरिस राव्हेलच्या जी मेजर पियानो कॉन्चेर्तोत, जो १९३२ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये पहिल्यांदा वाजला, पियानो, बासरी, ढोल यांच्याही आधी तिचा नंबर लागतो. फ्रेंच स्वरलिपीत तिला चाबूक म्हटलंय. सभागृह शांत असतं, मागच्या रांगेतला वादक दोन्ही हातांनी बिजागरीच्या दोन फळ्या छातीसमोर उघड्या धरून उभा असतो, कंडक्टरचा हात खाली येतो आणि फट्‌!